लॅमिंग्टन रोडवरचा एक शनिवार : वस्तू टाकावी की दुरुस्त करावी?

मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटे चालले की एक गजबजलेला रस्ता लागतो. महानगरपालिकेच्या पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. परंतु या नावाने पत्ता विचारला तर पाचातले तिघे मान हलवतील. लॅमिंग्टन रोड म्हटले की लहान पोरही बोट दाखवील. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे. जुन्या पिढीला हा रस्ता सिनेमाचा म्हणून ठाऊक. येथील मिनर्व्हा चित्रपटगृहात १९७५ साली 'शोले' लागला आणि पाच वर्षे हलला नाही. ते मिनर्व्हा आता राहिले नाही. मात्र रस्ता ओस पडला नाही. रेडिओ, टी.व्ही., ॲम्प्लिफायर, संगणक, कॅमेरे आणि या सर्वांच्या पोटातील सुटे भाग, असा सगळा बाजार येथे भरलेला असतो. घरातील बंद पडलेल्या वस्तूला पुन्हा जीव देणारा भाग मिळण्याचे हे मोठे ठिकाण आहे.

घरात वस्तू बिघडली की आपल्या कुटुंबांत एकच प्रश्न उभा राहतो. दुरुस्त करावी की नवी आणावी? वरवर पाहता प्रश्न लहान आहे. पण महिन्याच्या पगारावर किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घरात हा प्रश्न कधी मुलाच्या फीचा असतो, कधी औषधपाण्याचा असतो. म्हणूनच हा रस्ता आणि त्याच्या पलीकडची एक जागा वाचकांना दाखवावी असे आम्ही ठरविले.

आमच्या कल्याण पूर्वेच्या वस्तीत एक तरुण मेकॅनिक आहे. आय.टी.आय.चा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला आणि दहा बाय आठच्या गाळ्यात दुकान थाटले. आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी, तो सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडला जातो. रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात. गेल्या महिन्यात एका शनिवारी कचेरीला सुट्टी होती, तेव्हा आम्ही त्याच्याबरोबर निघालो. "काका, पायी फार फिरावं लागतं, बघा," असे त्याने आधीच बजावले होते. कल्याणहून जलद गाडीने दादर, तेथे पूल चढून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत तीन घरांची दुखणी होती. एका टी.व्ही.मधून काढलेल्या दिव्यांच्या पट्ट्या, एक जुना टेपरेकॉर्डर आणि एका मिक्सरचे भांडे.

पट्टीचा टी.व्ही.

यातील टी.व्ही.ची गोष्ट आधी सांगतो, कारण तीत पंधरा हजार रुपये अडकले होते.

आमच्या शेजारच्या मावशी घरकाम करतात. त्यांचा मुलगा कंपनीत कंत्राटी कामाला आहे, आणि नात यंदा दहावीनंतर डिप्लोमाला जाणार आहे. तिच्या प्रवेशासाठी मावशींनी पंधरा हजार बाजूला ठेवले होते. अशा वेळी घरातला बत्तीस इंची टी.व्ही. बंद पडला. आवाज येई, चित्र नाही. कंपनीच्या सेवा केंद्रातून माणूस आला, त्याने पाच मिनिटे पाहिले आणि "पॅनेल गेलं, हे मॉडेल आता बंद झालं, नवा घ्या" असे सांगून भेटीचे पैसे घेऊन गेला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने जुन्याचे एक हजार आणि नवा बारा हप्त्यांत, व्याज शून्य, अशी तयारीही दाखविली. मुलगा हप्त्याला राजी झाला होता. मावशी मात्र म्हणाल्या, "भाऊ, एकदा आपल्या पोराला दाखवू या."

आपल्या पोराने टी.व्ही. चालू केला, खोलीतला दिवा मालवला आणि पडद्यावर अगदी जवळून बॅटरीचा उजेड टाकला. त्या उजेडात बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा पुसट पुसट दिसू लागला! तो म्हणाला, "पॅनेल जिवंत आहे, मावशी. मागचे दिवे गेलेत."

वाचकहो, ही खूण प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजकालच्या बहुतेक सपाट टी.व्ही.मध्ये चित्र उमटविणारी काच स्वतः प्रकाश देत नाही. तिच्या मागे छोट्या एल.ई.डी. दिव्यांच्या पट्ट्या असतात आणि त्यांचा उजेड काचेतून पुढे येतो. पट्टीतले दिवे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की अनेकदा सगळेच बंद होतात. चित्र तयार होत असते, परंतु अंधारात. याउलट काच फुटली असेल, कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली असेल, तर ते पॅनेलचे दुखणे. पॅनेलची किंमत बहुतेक वेळा नव्या टी.व्ही.च्या जवळ जाते. तेथे दुरुस्तीचा हट्ट धरण्यात अर्थ नसतो. दोन्ही वेळेला पडदा काळाच दिसतो, आणि म्हणूनच नेमके काय गेले हे विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

लॅमिंग्टन रोडवर आम्ही एका इमारतीच्या आतल्या बोळात शिरलो. दोन्ही बाजूंना खांद्याएवढ्या रुंदीची दुकाने, छतापर्यंत प्लॅस्टिकचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर क्रमांक. आयसी, ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, सॉकेट. दुकानदार नाव विचारीत नाही, क्रमांक विचारतो. आमच्या मेकॅनिकने जुनी पट्टी काढून दाखविली. दुकानदाराने दिवे मोजले, पट्टीची लांबी टेपने मोजली, दिव्यांचे व्होल्टेज विचारले आणि तशाच पट्ट्यांचा जोड समोर ठेवला. आम्ही विचारले, "एकच गेली आहे, मग सगळ्या कशाला?" मेकॅनिक म्हणाला, "काका, सगळ्या एकाच वयाच्या. आज एक बदलली तर चार महिन्यांनी दुसरी जाईल, आणि काच पुन्हा उघडताना फुटायची भीती." पट्ट्या आणि मजुरी मिळून दीड हजारात काम झाले. टी.व्ही. परत देताना त्याने पडद्याचा उजेड कमी करून दिला. उजेड पूर्ण ठेवला की दिवे जास्त तापतात आणि लवकर जातात. हे सेटिंग घरच्या घरीही करता येते.

हप्त्याचा हिशोब

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलेले आणि आयुष्य खतावणीत घालविलेले. तेव्हा मावशींच्या मुलाला आम्ही कागदावर हिशोब मांडून दाखविला. तोच येथे देतो.

नवा टी.व्ही. हप्त्यावर पंधरा हजार, म्हणजे दरमहा साडेबाराशे. तोच टी.व्ही. रोखीने घेतला तर दुकानदार साडेतेरा हजारांत द्यायला तयार होता. मग व्याज शून्य कसे? ते दीड हजार म्हणजेच व्याज. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, म्हणून हा दर वरवर अकरा टक्के दिसला तरी प्रत्यक्षात वर्षाला सुमारे वीस टक्के पडतो. त्यावर प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी जास्त. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. ते व्याज दुसऱ्या नावाने ग्राहकाकडूनच वसूल होते. हप्ता वाईट असे आमचे म्हणणे नाही. फ्रीज, शिलाई मशीन, मुलीचा संगणक या वस्तू अनेकदा हप्त्यावरच घ्याव्या लागतात. पण जे व्याज आहे त्याला व्याज म्हणावे आणि मगच सही करावी.

दुसरा हिशोब वर्षाचा. वस्तूची किंमत एकरकमी न पाहता ती किती वर्षे चालेल त्याने भागावी. दीड हजारांची दुरुस्ती केली आणि टी.व्ही. तीन वर्षे चालला, तर वर्षाला पाचशे रुपये. पंधरा हजारांचा नवा सात वर्षे चालला, तर वर्षाला एकवीसशेहून अधिक. समजा दुरुस्ती एकच वर्ष टिकली, तरीही दीड हजार हे एकवीसशेहून कमीच. 'दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवी घ्या' असे लोक म्हणतात. अंदाज म्हणून ते ठीक आहे. परंतु वस्तू आणखी किती चालेल हे त्यात येत नाही, आणि ती वीज किती खाते हेही येत नाही.

टेपरेकॉर्डर : ज्याचा नवा मिळत नाही

दुसरी वस्तू एका आजोबांची होती. घरातली मुले म्हणत होती, भंगारात द्या, आता कॅसेट कोण ऐकतो? पण आजोबांच्या पेटीत चाळीसएक कॅसेट आहेत. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी आता मोबाईलवरही मिळतात. मात्र १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात, आमच्याच वस्तीतील गायन पार्टीने पत्र्याच्या मंडपात जो कार्यक्रम केला, तो मोबाईलवर कोठून मिळणार? त्यातील पेटी वाजविणारे गेले, कोरसमधल्या दोन बहिणी गेल्या. त्यांचा आवाज फक्त त्या फितीवर आहे. आणि ती फीत वाजविणारे यंत्र मुके झाले होते.

अशा यंत्राला बाजारभाव लावून पाहिला तर तो शून्य येईल. पण तेच यंत्र नसेल तर त्या चाळीस कॅसेट म्हणजे नुसते प्लॅस्टिक. म्हणून टाकण्यापूर्वी हाही प्रश्न विचारावा की या वस्तूचे काम दुसरी वस्तू करील काय?

लॅमिंग्टन रोडवर त्याचे दुखणे क्षुल्लक निघाले. आतला रबरी पट्टा सैल होऊन चिकट झाला होता. फीत पुढे ओढणारे रबरी चाकही गुळगुळीत झाले होते. एका वयस्कर दुकानदाराने खणाच्या तळातून वेगवेगळ्या मापांच्या पट्ट्यांची माळ काढली, जुना पट्टा बोटावर ताणून पाहिला आणि न मोजता बरोबर जोड काढून दिला. त्याने कागदाच्या पुडीत बांधून दिलेला माल शंभर रुपयांच्याही आतला होता. एकेकाळी आय.टी.आय.मध्ये 'मेकॅनिक रेडिओ अँड टी.व्ही.' असा अभ्यासक्रम होता. त्या काळची ही माणसे आहेत. ती आहेत तोवर अशा यंत्रांना औषध आहे.

आजोबांना आम्ही एवढेच सुचविले की यंत्र चालू आहे तोवर त्या शताब्दीच्या कॅसेटची नक्कल संगणकावर करून घ्यावी. टेपच्या इअरफोनच्या भोकातून संगणकात एक वायर जोडली की ते काम होते. फीत कायमची टिकत नाही. वाचकांच्या घरीही अशा कॅसेट पडून असतील. लग्नाच्या, जयंतीच्या, गेलेल्या आईवडिलांच्या आवाजाच्या. त्यांची उठाठेव लांबणीवर टाकू नये.

टाकण्याची वेळही येते

एवढे वाचून कोणी समजेल की आम्ही प्रत्येक वस्तू दुरुस्तच करा असे सांगतो आहोत. तसे नाही.

मिक्सरचेच पाहा. बंद पडला की आधी उलटा करावा. तळाला एक लाल कळ असते. जास्त जोर पडला की ती आपोआप सुटते आणि मोटर वाचविते. थोडा वेळ थंड होऊ देऊन ती दाबली की अनेकदा मिक्सर पुन्हा चालू होतो, आणि मेकॅनिककडे जाण्याचे कारणच उरत नाही. भांड्याच्या तळाचा कपलर, पात्याचे बुश, मोटरचे कार्बन हे झिजणारे भाग आहेत. ते बदलणे स्वस्त असते. आमच्या पिशवीतल्या भांड्याचे दुखणे बुशचेच होते. पण जळल्याचा वास येऊन मोटर गेली असेल आणि मिक्सर मूळचाच स्वस्तातला, जुना असेल, तर नवी मोटर भरण्याचा खर्च नव्या मिक्सरच्या जवळ जातो. तेथे नवा घ्यावा.

पंख्याचे उदाहरण निराळे आहे. पंखा हळू फिरू लागला तर बहुतेक वेळा छोटा कंडेन्सर गेलेला असतो. तो शंभर रुपयांच्या आत मिळतो. पण साधा पंखा सुमारे पंचाहत्तर वॅट वीज खातो आणि नवा बी.एल.डी.सी. पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर वर्षाला जवळपास दोनशे युनिटचा फरक पडतो. युनिटला सात रुपये धरले तर सुमारे चौदाशे रुपये. जो पंखा दिवसरात्र फिरतो, त्याची मोटर गेली असेल तर नवा, कमी वीज खाणारा घेणे फायद्याचे. जो पाहुणे आल्यावरच लागतो, त्याला कंडेन्सर घालावा आणि विसरून जावे.

फ्रीजची थंडी कमी झाली की लगेच 'गॅस गेला' असे ऐकू येते. आधी दाराचे रबर पाहावे. दारात कागद धरून दार लावावे आणि कागद ओढावा. सहज निसटला तर रबर ढिले आहे, थंडी तेथून पळते. रबर, थर्मोस्टॅट, रिले हे बदलता येतात. परंतु आमच्या गल्लीतील एका वीस वर्षांच्या फ्रीजमध्ये दोनदा गॅस भरला, आणि गळती आतल्या भिंतीतील नळीत होती. तेथपर्यंत हात पोहोचत नाही. दर उन्हाळ्यात गॅसचे पैसे आणि दरमहा जुन्या यंत्राचे वीजबिल, असा दुहेरी दंड तो परिवार भरीत होता. त्यांनी तो फ्रीज काढला, हे योग्यच झाले.

एक सूचना जिवाच्या मोलाची. टी.व्ही. आणि मायक्रोवेव्हच्या आतील कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. जुन्या पेटीच्या टी.व्ही.ची काचेची नळी तर जोराचा झटका देते. मोबाईलची फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, ती पेट घेऊ शकते. घरच्या स्क्रूड्रायव्हरने ही झाकणे कोणी उघडू नयेत. मुलांना तर मुळीच उघडू देऊ नयेत.

परतीच्या वाटेवर : कुर्ला

परतीला दादरहून गाडी धरली आणि मेकॅनिकने सुचविल्यावरून आम्ही कुर्ल्याला उतरलो. लॅमिंग्टन रोडवर वस्तूला जीव मिळतो. कुर्ला आणि साकीनाका येथील भंगाराच्या गल्ल्यांत वस्तू शेवटच्या येतात. आपण 'देऊन टाकले' म्हणतो तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून ती बऱ्याचदा अशाच ठिकाणी पोहोचते.

पत्र्याच्या शेडपुढे टी.व्ही., संगणक, प्रिंटर, सेट टॉप बॉक्स यांचे ढीग होते. उघड्या हातांनी माणसे ते फोडीत होती. तांब्याची वायर एका बाजूला, ॲल्युमिनियम एका बाजूला, हिरवे बोर्ड गोणीत. आम्ही एका कामगाराला विचारले, बोर्डांचे काय होते? तो म्हणाला, "दिल्लीको जाता है." दिल्लीचे सीलमपूर हे अशा मालाचे देशभर प्रसिद्ध ठिकाण आहे. बोर्डातील तांबे आणि सोन्याचा अंश काढण्यासाठी अशा ठिकाणी ॲसिड वापरतात, वायरचे प्लॅस्टिक जाळतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, एल.ई.डी.च्या आधीच्या सपाट टी.व्ही.च्या दिव्यात पारा असतो. हे सर्व कोणाच्या फुफ्फुसात आणि कोणाच्या गटारात जाते? ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण उचलण्याचे काम आले, अशाच गोरगरीब समाजांतील माणसे या ढिगांवर दिसतात. एखादी वस्तू आणखी तीन वर्षे चालविली, तर तेवढी वर्षे ती या ढिगावर येत नाही. दुरुस्तीच्या हिशोबात ही रक्कम कोठल्याच खात्यावर दिसत नाही, पण ती असते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे सहा कोटी वीस लाख टन असा कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद होती, तो चौथ्या हिश्शाहूनही कमी. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. वस्तू बनविणाऱ्यांवर तिच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांत टाकली आहे. म्हणून न दुरुस्त होणारी वस्तू, विशेषतः बॅटरी आणि पिक्चर ट्यूब, शक्य तेथे अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. भंगारवाल्याशी आमचे वैर नाही, तोही कष्टाचीच भाकरी खातो. पण त्याच्या मुलाच्या छातीत शिसे जाऊ नये, एवढे आपण पाहू शकतो.

कुर्ल्याच्या त्या ढिगापुढे आम्हाला विनयपिटकातील भदन्त आनंदांची कथा आठवली. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या चीवरांचे हा श्रमण काय करणार? आनंदांनी उत्तर दिले की ज्यांची चीवरे फाटली त्यांना वाटून देऊ. जुन्या चीवरांचे पलंगपोस करू, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झटकणी. ती फाटली की कुटून मातीत कालवू आणि जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. ती गरिबीची कथा नाही. पाचशे वस्त्रे मिळालेल्या माणसाची ती कथा आहे. जपून वापरणे म्हणजे दारिद्र्य आणि टाकून देणे म्हणजे प्रगती, असे जे आज आपल्या मुलांच्या मनावर ठसले आहे, त्याला त्या कथेत उत्तर आहे.

हक्क आणि हुन्नर

दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे, असा विचार आता सरकारदरबारीही पोहोचला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. हमीच्या काळात दुरुस्ती नाकारली, किंवा खोटे कारण सांगून नवी वस्तू गळ्यात मारली, तर २०२० पासून लागू असलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रथम तक्रार नोंदवावी. त्यासाठी बिल आणि हमीपत्र जपून ठेवलेले असले पाहिजे. आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा पाहतो, की टी.व्ही.वर कव्हर घातलेले असते आणि बिल मात्र सापडत नाही.

आणि हुन्नराचे काय? आमच्या मेकॅनिकच्या गाळ्यात आज दोन मुले शिकताहेत. एक बारावी नापास, दुसरा आय.टी.आय.त प्रवेश घेऊन. संध्याकाळी ती सोल्डरिंग करतात, मीटर लावून व्होल्टेज पाहतात, क्रमांक वाचतात. वस्तीने वस्तू टाकून द्यायच्या ठरविल्या तर या मुलांनी कोणाकडे शिकायचे? मावशींच्या दीड हजारांतील मजुरी वस्तीतच राहिली, आणि पंधरा हजार नातीच्या प्रवेशाला गेले.

म्हणून वाचक बंधु-भगिनींना आमची विनंती आहे. वस्तू बंद पडली की त्याच दिवशी दुकानात जाऊ नका. नेमके काय गेले ते विचारा आणि गेलेला भाग हातात मागून घ्या. दोन ठिकाणी दाखवा. दुरुस्तीचा खर्च आणि नव्याची किंमत, दोन्हींना वर्षांनी भागा. वीजबिल जोडा, हप्त्याचे खरे व्याज जोडा. नवी घ्यावीच लागली तर ताठ मानेने घ्या, आणि जुनी योग्य हातात द्या. घरातल्या मुलामुलींना हा हिशोब करायला बसवा. पुस्तकातील घसारा आणि व्याज त्यांना तेथेच कळेल, आणि त्यांच्यातीलच एखादी मुलगी उद्या पिशवी खांद्याला लावून शनिवारची लॅमिंग्टन रोडची गाडी धरील.